आला एकोणीस, सांगितला सात

२ मार्च, रविवार

सकाळी नाश्त्याला बसलो असताना दादा म्हणाला, "मंगळवारपासून मी डायलिसिसला जाणार नाही." पेपरवाल्याला उद्यापासून पेपर बंद कर म्हणून सांगावं, तसा साधा आवाज.

आईने चमचा खाली ठेवला. मी विचारलं, "या मंगळवारी नाही, की कधीच नाही?"

"कधीच नाही."

नोंदीसाठी: डायलिसिस सुरू होऊन दोन वर्षं चार महिने झाले. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत तो एकशे बारावा आहे. माझी चाचणी झाली, जुळत नाही. आईला मधुमेह आहे, म्हणून तिची केलीच नाही. डायलिसिस थांबवलं तर किती दिवस, हे मी डॉक्टरांना मागेच विचारून ठेवलं होतं. आठ ते दहा.

"कंटाळलास का?" आईने विचारलं.

"कंटाळा यायला तरी काहीतरी उरावं लागतं. चार तास छत बघतो, घरी येऊन झोपतो, परत छत."

मग मला खेळ आठवला. आजारी पडायच्या आधी बारा वर्षं दर शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत दादाचं टेबल भरायचं. गोष्टीचा खेळ. चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. सूत्रधार सांगतो की समोर गुहा आहे, आत कोणीतरी घोरतंय. खेळणारे सांगतात आपण काय करणार. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. बारा वर्षं दादाच सूत्रधार होता. स्वतः पात्र घेऊन खेळायला त्याला एकदाही मिळालं नाही. तो आजारी पडला आणि टेबल पांगलं.

मी म्हटलं, "चार तास म्हणजे बरोबर एक बैठक. मी सूत्रधार होते. तू खेळ."

तो हसला. "तू गोष्ट सांगणार? सिनेमा कसा होता विचारलं तर एकशे चाळीस मिनिटं म्हणतेस तू."

"एक महिना."

त्याने कॅलेंडरकडे पाहिलं. "तीन एप्रिल. त्यानंतर मी काय ते ठरवेन. तू विचारायचं नाहीस, मागे लागायचं नाहीस, रडायचं नाहीस."

"मी रडत नाही."

"तेच तर," दादा म्हणाला.

३ मार्च, सोमवार

प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत. आम्ही वजनकाटे तपासतो. दुकानांचे, दवाखान्यांचे, शिवाय दाबमापकं. इथला पहिला नियम असा की दिसेल तो आकडा लिहायचा. चुकला तर एक रेघ मारून सही करायची, खोडायचं नाही. आज सकाळी अठरा काटे झाले, पैकी दोन नापास.

दादाच्या कपाटातून तीन नियमपुस्तकं आणली.

जाड पुस्तक: ३२० पानं. पात्र तयार करायला दोन तास. लढाई चौकटीच्या कागदावर, कोण कुठे उभा आहे ते मोजून. प्राण शून्यावर आले तरी लगेच मरण नाही. तीनदा फासा टाकून वाचायची संधी मिळते.

पातळ पुस्तक: ४८ पानं. पात्राला सहाच प्राण. शून्य म्हणजे मेला, संधी नाही. पान चारवर लिहिलंय की नवं पात्र पाच मिनिटांत होतं.

एकपानी: खरंच एकच पान. नेहमीचे सहा बाजूंचे दोन फासे. पात्र कधी मरणार ते खेळणारा स्वतः ठरवतो.

जाड पुस्तक निवडलं. मरणं तिथे सर्वांत अवघड आहे.

४ मार्च, मंगळवार

निवड चुकली. एका लढाईला एक तास पन्नास मिनिटं लागली. दादाच्या डाव्या हाताची शीर गेल्या वर्षी निकामी झाली, आता सुया उजव्या हातात असतात आणि तो हात हलवायचा नाही. डाव्या हाताने तो फासे टाकतो, कागद सरकतो, सोंगट्या पडतात. वीस बाजूंचा फासा दोनदा खाली गेला. दुसऱ्यांदा शेजारच्या पलंगाखाली.

"माझ्या पायाशी तुमचं काहीतरी आलंय," तिथून आवाज आला. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळा वॉर्ड त्यांना बाई म्हणतो. चष्म्यावरून फासा निरखत त्यांनी विचारलं, "ह्याला इतक्या बाजू कशाला?"

"आयुष्यात सहापेक्षा जास्त गोष्टी बिघडू शकतात म्हणून," दादा म्हणाला.

सिस्टर आल्या. फासे स्पिरिटने पुसायचे, खोक्याच्या झाकणात टाकायचे, आवाज करायचा नाही. या अटींवर परवानगी आहे. दादा दमला होता, पण मधे दोन तास त्याने छताकडे पाहिलं नाही.

६ मार्च, गुरुवार

एकपानी. बाईंनाही घेतलं, कारण त्या नाहीतरी सगळं ऐकतच होत्या. त्यांनी चेटकीण घेतली, दादाने नावाडी. नियम समजवायला तीन मिनिटं लागली. एका हाताने सहज जमतं. लढाई सहा मिनिटांत संपली. वेळेच्या दृष्टीने उत्तम.

तासाभराने दादाने तोंड भिंतीकडे वळवलं.

"काय झालं?"

"ह्यात हरता येत नाही गं. मी मरतो म्हणेपर्यंत मी मरणार नाही, मग त्या दरीवरून उडी मारली काय आणि वळसा घालून गेलो काय, सारखंच."

"मग मरण्याबद्दल काही म्हणूच नकोस. नियम तुझ्या बाजूने आहे."

"तेच सांगतोय मी तुला," तो म्हणाला आणि उरलेला वेळ डोळे मिटून पडून राहिला. तो काय सांगत होता ते मला समजलं नाही.

८ मार्च, शनिवार

पातळ पुस्तक. पर्याय उरला नव्हता. गोष्ट तीच, पात्रं तीच, नियम बदलले. माझे फासे दिसू नयेत म्हणून समोर फोल्डर उभं केलं. दादाही पूर्वी तसा पडदा लावायचा.

नियम सांगितल्यावर दादा बदलला. शून्य म्हणजे शून्य, हे ऐकल्यावर त्याने दोर किती हात आहे, मशाल किती वेळ जळते, बोगद्याला दुसरं तोंड आहे का, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "आत्ता कुठे वर्गात लक्ष आहे ह्याचं."

अडीच तासांनी चिखलातला प्राणी बाहेर आला. पहिल्या फटक्यात नावाड्याचे चार प्राण गेले, उरले दोन. माझी पाळी. बारा किंवा जास्त पडलं तर फटका लागणार, आणि फटक्याला कमीत कमी दोन प्राण जातात. फोल्डरमागे फासा टाकला. एकोणीस.

दादा उशीपासून उठून पुढे झुकला होता. कित्येक महिन्यांत मी त्याला तसा पाहिला नव्हता. "किती?"

"सात."

"हुश्श!" तो म्हणाला आणि मागे टेकला. चेहऱ्यावर घाम होता.

पहिल्याच दिवशी नावाडी मेला असता, तर दादा मंगळवारी आला नसता. मी आयुष्यात कधी काट्यावरचं वाचन बदललेलं नाही. निदान इथे खरं लिहून ठेवते. आला १९, सांगितला ७.

११ मार्च, मंगळवार

आला १४, सांगितला ९.
आला २०, सांगितला ३.

वीसला तीन जरा अतीच झालं. पुढच्या वेळी दहाच्या आसपास ठेवावं.

गदा घेतलेल्या राक्षसाला बाई म्हणाल्या, "आधी ती खाली ठेव, मी बोलतेय. नाव काय तुझं? वडील काय करतात?" दादा इतका हसला की हात हलला आणि यंत्राची घंटा वाजली. सिस्टर धावत आल्या. त्याही हसल्या, पण ओरडून झाल्यावर.

१३ मार्च, गुरुवार

आला १२, सांगितला ११.

तिन्ही पद्धतींची तुलना पूर्ण झाली. जाड पुस्तकात बुद्धी खेळण्याआधी लागते, पात्र घडवताना. एकपानीत ती लागतच नाही, जीभ लागते. पातळ पुस्तकात पात्राच्या कागदावर जवळजवळ काहीच नसतं, म्हणून प्रत्येक क्षणी स्वतःच विचार करावा लागतो. दादाची खेळायची रीत धोका मोजून मग घ्यायची. बाईंची रीत समोरच्याशी बोलत राहायचं, तो दमेपर्यंत. दोघांचंही आकड्यांवाचून चालतं असं वाटतं, पण दर वेळी फासा पडला की दोघं श्वास रोखतात.

पातळ पुस्तकाचा दोष एकच आहे. तो मी दुरुस्त केला आहे.

१५ मार्च, शनिवार

आला १६, सांगितला १०.
आला १३, सांगितला ८.
आला १८, सांगितला ११.

सुया टोचण्याआधी वजन करतात, तिथल्या बाकावर बाई शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "तो तुझ्यासाठी येतो गं."

बाईंचा गैरसमज आहे. तो खेळासाठी येतो. म्हणून तर हे सगळं.

घरी आई म्हणाली, "त्या फाशांपायी एक आधीच वाया गेला होता, आता दुसरी." पण दादाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. कपाटातली फाशांची जुनी पिशवी फाटली होती, ती तिने शिवून दिली.

१८ मार्च, मंगळवार

आला १५, सांगितला ९.
आला १९, सांगितला १०.

दादा डाव्या हाताने वर्तमानपत्राच्या समासात काहीतरी काढत होता. बारीक उभ्या रेघा, मधे मधे गोल. बोगद्याचा नकाशा असावा. खेळात इतका रस घेतोय, हे चांगलं लक्षण आहे. सोळा दिवस उरले. ३ एप्रिलला तो नाही म्हणणार नाही, असं प्रथमच वाटलं.

२० मार्च, गुरुवार

आला १७, सांगितला १०.

"दाखव," दादा म्हणाला.

"काय?"

"फासा. फोल्डर बाजूला कर."

मी फासा उचलला. त्यापेक्षा मोठा कबुलीजबाब नसतो, हे उचलल्यावर कळलं.

त्याने वर्तमानपत्र माझ्यासमोर धरलं. नकाशा नव्हता. "चाळीस हल्ले झाले माझ्यावर. बारापासून वर लागतो, म्हणजे अठरा लागायला हवे होते. लागले आठ. ते आठही कधी? माझे प्राण भरलेले असताना. मी दोनावर आलो की तुझ्या राक्षसांना एकदम संधिवात होतो." बाईंकडे बघून म्हणाला, "बाई, हिला पकडलंय मी कॉपी करताना."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

मी म्हटलं, "तू मेला असतास पहिल्याच दिवशी."

"मग पाच मिनिटांत नवं पात्र केलं असतं. पान चार. पुस्तक तूच वाचलंस ना?"

मग त्याचा आवाज खाली गेला. तो ओरडत नाही, हे सर्वांत वाईट. "त्या चिखलाच्या गुहेत मी घाबरलो होतो. खरंच घाबरलो होतो. दोन वर्षांत पहिल्यांदा ह्या यंत्राला सोडून दुसऱ्या कशाला तरी. आणि तेही खोटं निघालं. डॉक्टर रिपोर्ट बघून हसतात. आई म्हणते चेहरा सुधारलाय. आकडा असेल तो सांगणारी एक तूच होतीस घरात."

एक तास पस्तीस मिनिटं उरली होती. तो छताकडे बघत राहिला.

दुरुस्त करून मोजलं. लागलेले आठ, लपवलेले दहा, एकूण अठरा. अपेक्षेइतकेच. फाशात दोष नाही.

२२ मार्च, शनिवार

गेला नाही. दाराशी टॅक्सी सतरा मिनिटं थांबवून ठेवली.

"करार होता," मी म्हटलं.

"करार खेळाचा होता. खेळ झालाच नाही."

आई माझ्याकडे वळली. "फाशांवरून भांडलात तुम्ही? फाशांवरून?" मी हो म्हटलं.

२३ मार्च, रविवार

प्रयोगशाळेतून तपासलेला काटा आणला. यंत्रावरून उतरल्यावर त्याचं वजन ५८ किलो असायला हवं. सकाळी ६०.९ भरलं. सगळं पाणी. घोटे सुजले आहेत, बोट दाबलं की खड्डा राहतो.

२४ मार्च, सोमवार

६२.३. आडवं झालं की दम लागतो म्हणून तो खुर्चीत बसून आहे. डॉक्टर फोनवर म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा, पोटॅशियम वाढलं तर हृदय सांगून थांबत नाही. दादा म्हणाला, "मी शुद्धीत आहे आणि नाही म्हणतोय, हे त्यांना सांग." मी तसंच सांगितलं.

त्याला पटवायला मुद्दे काढले. सात निघाले. एकही वापरण्यासारखा नाही. सगळे माझ्याच बाजूचे आहेत.

आईने त्याच्या पायांखाली उशी ठेवली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिली. "काहीतरी कर ना," मला म्हणाली. "तू शिकलीस ना एवढं."

मला काय होतंय ते लिहावं म्हणून वही उघडली. वीस मिनिटं झाली. येत नाही.

२५ मार्च, मंगळवार

रुग्णालयात. तो झोपला आहे, यंत्र चालू आहे. आज पाच तास ठेवणार.

सकाळी ६३.१ भरलं. ओठांचा रंग बरा नव्हता. मी ही वही त्याच्या मांडीवर ठेवली, ८ मार्चचं पान उघडून. म्हटलं, "खरे आकडे ह्यात आहेत." आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ही वही आजवर कोणी पाहिलेली नाही. नळाखाली एक पेला होता, तो मी चार वेळा धुतला.

पस्तीस मिनिटांनी त्याने हाक मारली. "टॅक्सी बोलाव."

टॅक्सीत त्याला एका दमात दोन शब्दांपलीकडे बोलता येत नव्हतं. पुलापाशी म्हणाला, "वीसला... तीन?"

"हो."

"निर्लज्ज."

आई पुढच्या सीटवर होती. तिला वाटलं तो भ्रमात बोलतोय. ती मोठ्याने रडायला लागली आणि टॅक्सीवाल्याने दोन सिग्नल तोडले.

८ मार्चच्या नोंदीखाली त्याने लिहिलंय. त्याचं एरवीचं अक्षर बारीक असतं, हे मोठं आणि वाकडं आहे. "नावाडी इथे मेला." त्याखाली एक रेघ आणि सही. आमच्या प्रयोगशाळेत करतात तशी.

म्हणजे खेळ संपला. तो आज आला तो घुसमट सहन होईना म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. परवाचं मला माहीत नाही.

२७ मार्च, गुरुवार

आता ही वही तो वाचू शकतो. तरी लिहिते.

निघायच्या वेळी तो स्वतः बूट घालत होता. मी काही विचारलं नाही. करार.

सुया लागल्यावर म्हणाला, "ते फोल्डर दे इकडे." मी दिलं. त्याने ते सिस्टरांना दिलं. "तुमच्या ऑफिसात लागेल हे कशाला तरी."

"मग मी फासे उघड्यावर टाकू?" मी विचारलं.

"तू कशाला टाकतेस? मी मेलोय. मेलेला माणूस काय खेळणार? मी चालवतो, तू पात्र घे."

बाईंनी हात वर केला. "माझं काय? मी दोन आठवडे ह्याच्या नावाड्याशी बोलतेय. तो आठ तारखेलाच गेला असेल, तर मी बोलत कोणाशी होते?"

हा प्रश्न तिन्ही पुस्तकांत नाही. दादाने विचार केला. "तुम्हीच सांगा."

"भुताशी. चेटकीण आहे मी, मला काय अडचण आहे? चांगलं भूत होतं. फक्त आपण गेलोय हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं."

"धरलं," दादा म्हणाला.

नवं पात्र पाच मिनिटांत होतं, असं पुस्तकात आहे. मला चाळीस लागली. धंदा लगेच लिहिला, मोजणीदार. ("दुसरं काय असणार!" दादा.) पण शेवटी एक रकाना आहे: ह्याला काय हवं आहे. दादाचं पात्र पहिल्या दिवशी मीच भरलं होतं. त्या रकान्यात मी 'खजिना' लिहिलं होतं, त्याला न विचारता.

"लिही गं," बाई म्हणाल्या. "परीक्षा नाहीये ही."

पेन टेकवलं, उचललं. शेवटी लिहिलं: कोणी मागे राहू नये.

दादाने कागद घेतला, दोनदा वाचला, आणि फाशांचं झाकण जवळ ओढलं. मग म्हणाला, "ठीक. तुझ्यासमोर एक दार आहे."

१ एप्रिल, मंगळवार

मी वाईट खेळते. प्रत्येक फरशी काठीने ठोकून बघते. एका दारापाशी पंचवीस मिनिटं गेली. बाईंची चेटकीण कंटाळून पलीकडच्या पहारेकऱ्याशी गप्पा मारायला गेली आणि त्याच्याकडून किल्लीच घेऊन आली.

दादा चालवतो तेव्हा पुस्तक उघडत नाही. "काय करतेस?" एवढंच विचारतो आणि थांबतो. त्या थांबण्यात माझ्याकडून बऱ्याच गोष्टी होऊन जातात. मी सूत्रधार असताना थांबत नव्हते, हे आता लक्षात येतंय. फासे झाकणात पडतात, तिघांनाही दिसतात. आज त्याचा रक्तदाब मधेच उतरला, पायात गोळे आले, अर्धा तास गेला. गोळे ओसरल्यावर घाम पुसत म्हणाला, "कुठे होतो आपण? हां. पूल."

काल घरी बसून त्याने आहाराच्या तक्त्यामागे नकाशे काढले. चार मजले. आजवर आम्ही पहिल्या मजल्याचा तिसरा हिस्सा पाहिलाय. दोन दिवसांत बाकीचं होणं शक्य नाही, इतके कागद त्याने उगाच वाया घालवले.

परवा तीन तारीख. आई रोज सकाळी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघते. मी मान हलवते. मला काहीच माहीत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

महिना पूर्ण झाला.

सकाळपासून तो कराराबद्दल काही बोलेल म्हणून मी थांबले होते. टॅक्सीत नाही. वजनाच्या बाकावर नाही (६०.२, दोन दिवसांच्या मानाने ठीक). सुया लावताना नाही. विचारायचं नाही, मागे लागायचं नाही. मी दोन्ही पाळलं. तिसरी अट स्वच्छतागृहात मोडली, सहा मिनिटं. बाहेर आल्यावर बाईंनी रुमाल पुढे केला, न बघता.

खेळ पुलावर होता. लाकडी, जुना. चेटकीण पलीकडे पोचली. मी प्रत्येक फळी ठोकत निघाले होते, तेवढ्यात मागून दरीतले पक्षी आले. दादाने फासा टाकला, सगळ्यांसमोर. अठरा. पाच प्राण गेले, उरला एक. फळी तुटली, मोजणीदार खाली लटकली, एका हाताने.

मी खरंच घाबरले. कागदावरच्या पात्रासाठी. दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर हसू होतं, आणि तो अठराचा अकरा करणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

"काय करतेस?"

"दुसऱ्या हाताने दोर धरायचा प्रयत्न करते."

"तेरा किंवा जास्त. कमी आला तर मेलीस."

मी फासा उचलला.

"थांब," तो म्हणाला. "आज इथेच. शनिवारी टाक."

मी म्हटलं, यंत्रावर अजून अकरा मिनिटं आहेत, एक फासा टाकायला तीन सेकंद लागतात. म्हटलं, पातळ पुस्तकात असं मधेच थांबता येत नाही, पान एकोणीस, फेरी पूर्ण करावी लागते.

"माझ्या टेबलावर येतं," दादा म्हणाला आणि डोळे मिटून घेतले. बाई तोंडावर पांघरूण घेऊन हसत होत्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

अकरा मिनिटं फुकट गेली. आणि कराराबद्दल तो शेवटपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही," मी सांगितलं. "शनिवारी मला तेरा पाडायचे आहेत."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग एकदम खाली बसली, चपलांच्या शेजारी, पदर तोंडाला लावून. तिला खेळातलं काही कळत नाही. वीसात आठच आकडे आहेत तेरापासून वरचे. शेकडा चाळीस. लटकत्या माणसाने शनिवारपर्यंत तेवढ्यावर कसं राहायचं?